हिच्या रसाची चव

२ फेब्रुवारी

आजपासून मला गप्प बसायचं आहे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "आवाज अजिबात वापरायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने घसा उलट जास्त ताणला जातो." तीस वर्षं फळबाजारात लिलाव पुकारून पोट भरणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे सुताराला करवतीला हात लावू नको म्हणण्यासारखं आहे. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "देवाने उशिरा का होईना, ऐकलं माझं." ही म्हणजे माझी बायको. या वहीत जिथे 'ही' येईल तिथे तीच समजायची. डॉक्टरीणबाई हसल्या, मीही हसलो. बसमधून घरी येताना मात्र हिने माझा हात धरला, तो उतरेपर्यंत सोडला नाही.

घशात, आवाजाच्या पट्ट्यांच्या जरा वर, वाटाण्याएवढी गाठ आहे. कापायची नाही, रेडिएशनने मारायची. सहा-सात आठवडे रोज जायचं, शनिवार-रविवार सुट्टी. "बरी होण्यासारखी आहे," असं त्या म्हणाल्या. "बरी होईल," असं नाही म्हणाल्या. बोली लावताना माणूस कुठला शब्द टाळतो त्यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. भुवई हलली तरी कळतं. आजवर माझ्यापासून कुणाला काही लपवता आलेलं नाही.

आवाज राहील का, ते विचारायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही, मीच विचारलं नाही.

बोलायला पाटी आणि मन मोकळं करायला ही वही. पाटी लेकीची, शाळेतली. हिने माळ्यावरून काढून पुसून दिली.

५ फेब्रुवारी

आमची लेक दुसऱ्या गावी एका प्रयोगशाळेत काम करते. लोकांच्या मुली कुंडीत गुलाब वाढवतात, आमची चपट्या बशांमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवते. मग त्यांच्यावर फळांच्या सालीचा अर्क टाकते, वर रेडिएशन सोडते आणि किती मेल्या, किती उरल्या ते बघते. काळ्या द्राक्षाची साल, डाळिंबाची साल. त्यात अँटिऑक्सिडंट नावाची चीज असते, हा शब्द आमच्या घरात आता मिठासारखा रुळलाय.

तिच्या प्रयोगाला मागे बक्षीस मिळालं होतं, त्याचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे. लेक एका मोठ्या तक्त्याशेजारी उभी आहे. तक्त्यावर काय लिहिलंय ते आम्हा दोघांनाही कळत नाही, पण कोपऱ्यात द्राक्षाच्या घडाचं चित्र आहे, ते कळतं. त्या चित्रावरून हिने माझा उपचार ठरवला. "आपल्या लेकीने शोधलंय, आणि द्राक्षं तुमच्या बाजारात पायलीला पन्नास. मग वाट कसली बघायची?" मी पाटीवर लिहिलं, 'तिला एकदा विचारू.' ही म्हणाली, "तिला कशाला मध्ये ओढायचं? बरे झालात की सांगू. चकित होईल."

तराजूने सकाळीच दोन क्रेट पाठवले. तराजू म्हणजे बाजारातला आमचा वजनवाला, माझा जन्माचा जोडीदार. हिने द्राक्षं साली-बियांसकट मिक्सरमधून काढली, डाळिंबाच्या साली उकळून आटवल्या, दोन्ही एकत्र करून फडक्यातून पिळलं. हिचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले असं म्हणायला हरकत नाही. रस एवढा दाट की चमचा उभा राहावा. पहिला घोट घेतला आणि जीभ टाळूला जी चिकटली ती सुटेना. तुरट, कडू, आंबट, सगळं एकदम. चपलेचं कातडं भिजवलेलं पाणी प्यायलो नाही कधी, पण ते याहून बरं असावं.

आणि ही समोर बसून बघत होती.

मग मी धंद्यातला चेहरा काढला. लिलावाला उभं राहिलं की मी आधी पेटीतल्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकतो. कितीही आंबट निघो, पापणी लवत नाही. डोळे अर्धे मिटतो, मान हलवतो, गालात हसतो. तो चेहरा बघून लोकांची बोली चढते. ही बाजारात कधी आलेली नाही, तिला तो चेहरा ठाऊक नाही. मी डोळे मिटले, मान हलवली, ग्लास रिकामा केला. हिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, उद्या बादलीभर आणली तरी पिईन.

१० फेब्रुवारी

पहिलं रेडिएशन झालं. काही दुखत नाही, काही दिसत नाही. त्रास आहे तो मास्कचा. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी आधी चेहऱ्यावर बसवून साचा केला होता, तोच मास्क घालून टेबलाला खटाखट अडकवतात. मान हलू नये म्हणून. मशीनवाले, म्हणजे मशीन चालवणारे गृहस्थ, उंच आणि हळू बोलणारे आहेत. म्हणाले, "काका, काही वाटलं तर नुसता हात वर करा, मी थांबवतो." मी मनात म्हटलं, माझ्या धंद्यात हात वर केला की माल गळ्यात पडतो. हे त्यांना पाटीवर लिहून दाखवलं तर ते इतके हसले की बाहेरची माणसं डोकावली.

आत एकटा पडलो तेव्हा भीती वाटली. बाहेर आलो तर ही बाकावर बसून माझी चप्पल मांडीवर घेऊन बसली होती. "कुणी नेली असती तर?" म्हणाली. ती चप्पल भिकारीसुद्धा नेणार नाही.

१३ फेब्रुवारी

आज एक भानगड झाली. ही बाहेर गोळ्या घ्यायला रांगेत होती आणि डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "घरी काही वेगळं घेता का? काढे, अर्क, ताकदीच्या गोळ्या?" मी मान नाही अशी हलवली. का हलवली ते देव जाणे. कदाचित दार उघडं होतं आणि ही समोरच रांगेत दिसत होती म्हणून.

त्यांनी मग आपणहून समजावलं. रेडिएशन पेशीतल्या पाण्यात काही उपद्रवी कण तयार करतं. ते कणच कॅन्सरच्या पेशीची मोडतोड करतात. अँटिऑक्सिडंटचं काम असे कण पकडून गप्प करायचं. एरवी ते चांगलंच. पण उपचार चालू असताना दाट अर्क घेतला तर आपण गाठीलाच पांघरूण घातल्यासारखं होऊ शकतं. "नक्की किती होतं ते अजून कुणालाच ठामपणे सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून नकोच. जेवणातली फळं खा खुशाल. अर्क नको."

घरी आलो. टेबलावर ग्लास तयार. हिची बोटं जांभळी, नखांच्या कडांत तर रंग बसूनच गेलाय. घासून घासून निघत नाही म्हणून हाताची घडी घालून बसते. मी पाटी उचलली, खडू उचलला, आणि पाटीवर लिहिलं, 'आज दोन घोट कमी दे.' तेवढंच. मग सगळाच प्यायलो.

कसं सांगू? गाठ कळल्यापासून ही रडली नाही, की कुठे डोकं टेकून बसली नाही. हिने मिक्सर लावला. तो काढून घेतला तर हिच्या हातात राहील काय?

१४ फेब्रुवारी

दुपारी लेकीचा फोन आला. ही स्वयंपाकघरात दार लोटून बराच वेळ बोलत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. 'काय झालं?' लिहिलं तर म्हणाली, "कांदा चिरत होते." रात्रीच्या जेवणात कांदा नव्हता. उद्यासाठी असेल.

१७ फेब्रुवारी

माझी चव गेली. रेडिएशनने जाते असं सांगितलंच होतं, पण अशी एका रात्रीत जाईल असं वाटलं नव्हतं. परवापर्यंत रस जिभेला चावत होता, कालपासून नुसतं पाणी लागतंय. तुरटपणा नाही, आंबटपणा नाही, काही नाही. रंग तेवढा जांभळा दिसतो, तोही फिकट. डोळ्यांवरही परिणाम होतो का ते विचारायला हवं.

मशीनवाल्यांना पाटीवर सांगितलं. ते म्हणाले, "इतक्या लवकर? साधारण दुसरा-तिसरा आठवडा उजाडतो काका. आणि चहा कसा लागतो?" चहा ठीक लागतो. भाजीही ठीक. फक्त रसाचीच गेलीय. ते डोकं खाजवत आत गेले. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, त्यांना एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

मनाशी एक गोष्ट ठरवलीय. रोज प्यायचा, हिच्या डोळ्यांदेखत, आणि चेहरा तोच ठेवायचा. चूक आहे, मला कळतं. पण मला दोन आजार सांभाळायचेत, एक माझा आणि एक हिचा.

२१ फेब्रुवारी

शेजारीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "वहिनींना सांगा, द्राक्षाचा जॅम फारच सुंदर." जॅम? आमच्याकडे? आज मशीनवालेही म्हणाले, "काकूंच्या जॅमची बाटली आमच्या चहाच्या खोलीत एका दिवसात संपली." म्हणजे माझ्या द्राक्षांचा जॅम अख्ख्या गावाला आणि मला चमचाभर नाही. मला थोडा राग आला. पाटीवर लिहून विचारलं तर ही म्हणाली, "तुमच्या घशाला गोड झोंबेल. फळं नासतायत म्हणून करते आपली." रसाला रोज दोन क्रेट लागतात म्हणणारी बाई आता फळं नासतायत म्हणते. हल्ली सकाळी मिक्सरचा आवाजही येत नाही, बहुतेक मी झोपेत असताना लावत असेल. बोटं मात्र स्वच्छ झालीत. काहीतरी चांगला साबण आणलेला दिसतोय.

२३ फेब्रुवारी

लेक आली. आल्या आल्या माझ्या गळ्यात पडली आणि तिचा चष्मा माझ्या शर्टात अडकला, लहानपणी अडकायचा तसाच.

ही दुकानात गेल्यावर मी संधी साधली. पाटीवर लिहिलं, 'समजा एखादा माणूस रेडिएशन चालू असताना तुझा तो अर्क घेतोय. तर?' लेकीने पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं, परत पाटी वाचली. मग माझ्या शेजारी बसून तिने नीट सांगितलं.

"बाबा, आमच्या बशीत कधी असं होतं, कधी तसं. कमी अर्क आधी दिला तर पेशी वाचतात. चांगल्याही आणि कॅन्सरच्याही, अर्क काही कुणाची विचारपूस करत नाही. खूप जास्त दिला तर कधी कधी कॅन्सरच्या पेशी उलट लवकर मरतात. किती दिला, केव्हा दिला, कुठल्या पेशीला दिला, सगळ्यावर आहे. आणि बशी म्हणजे माणूस नाही. म्हणून तर मी अजून तेच घेऊन बसलेय."

'म्हणजे घ्यावा का?'

"उपचार चालू असताना नाही. मुळीच नाही."

तेवढ्यात ही आली, स्वयंपाकघरात गेली आणि माझा ग्लास घेऊन बाहेर आली. लेकीने तो तिच्या हातातून घेतला, एक घोट स्वतः प्यायली, आणि आईकडे बघून एवढंच म्हणाली, "आई..." मग तिने ग्लास माझ्या हातात दिला, आईला मिठी मारली, आणि आईच्या खांद्यावरून मला म्हणाली, "प्या बाबा. बिनधास्त प्या."

मी थक्क झालो. अर्ध्या तासापूर्वी मुळीच नाही म्हणणारी मुलगी! पण मग माझ्या लक्षात आलं. तिलाही आईचं मन मोडवत नाही. एवढी शिकलेली मुलगी, पण आईच्या चेहऱ्यापुढे शिक्षण गुंडाळून ठेवलं. बापाच्या घशाचं काय ते बाप बघून घेईल. रागवायला हवं होतं, पण मला ती फार आवडली. माझ्यावर गेलीय.

४ मार्च

घसा आतून सोलवटलाय. थुंकी गिळताना डोळ्यांतून पाणी येतं. मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसभर चुळा. मान बाहेरून भाजल्यासारखी लाल. आता चहाचीही चव गेली, खरोखर सगळं कागद खाल्ल्यासारखं लागतं. मास्क सैल झालाय. मशीनवाले म्हणाले, "काका, वजन असंच उतरलं तर साचा परत करावा लागेल, आणि नाकातून नळी घालावी लागेल." नळीचं नाव काढताच हिने कंबर कसली. अंडं दुधात फेटून, भात पेजेसारखा करून, सूप गाळून, दर तासाला काहीतरी वाटीत आणते. मी मान फिरवली की वाटीही त्या बाजूला येते. काल मी पाटी फेकली. फुटली नाही. हिने उचलली आणि तिच्यावर लिहिलं, 'अजून तीन घोट,' आणि मला दाखवली. बोलता येत असून लिहून दाखवलं. तीन घोट घेतले.

एकच गंमत आहे. दूध झोंबतं, सूप झोंबतं, साधा भात झोंबतो, पण द्राक्षाचा आंबट रस अजिबात झोंबत नाही. गार, हलका, सरळ उतरतो. दिवसभरात तेवढंच एक सुखाने पितो. आणि जे सुखाने पितो तेच बहुधा मला मारतंय. असा विचार आला की ग्लास हातात जड होतो.

११ मार्च

काल डॉक्टरीणबाईंनी कॅमेऱ्याच्या नळीतून घसा बघितला. खूप वेळ बघितला. मग म्हणाल्या, "कमी झालीय. पण मला वाटलं होतं त्यापेक्षा जरा हळू." हिने विचारलं, "हळू म्हणजे?" "हळू म्हणजे हळू. अजून उपचार बाकी आहेत, आणि संपल्यावरही परिणाम चालू राहतो. घाबरू नका." मी त्यांच्याकडे बघत होतो. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडलो. गाठ हळू का जातेय ते जगात एकट्या मलाच ठाऊक आहे. मी तिला रोज पांघरूण घालतोय.

आज सकाळी ही दाराशी कुणाशी बोलत असताना मी ग्लास बेसिनमध्ये ओतला. पहिल्या आठवड्यात थेंब सांडला होता तेव्हा त्या पांढऱ्या बेसिनवर जांभळा डाग पडला होता, हिने चार दिवस घासला. आज अख्खा ग्लास ओतला तरी काही नाही, पाण्यासारखा वाहून गेला. घासून घासून हिने बेसिनचा पोतच बदललाय. मागे वळलो तर ही उभी. माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला आणि धुवायला लागली. बहुतेक तिने बघितलं नाही.

पण मला चोरासारखं वाटलं. ठरवलं, आता सांगून टाकायचं. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रस बंद करू या. डॉक्टर नको म्हणतात. तुझी चूक नाही.' पाटी पाठीमागे धरून स्वयंपाकघरात गेलो. ही माझ्याकडे पाठ करून भांडी पुसत होती आणि तशीच, मागे न वळता बोलायला लागली.

"एक सांगू? तुम्ही तो ग्लास पिता ना, डोळे मिटून, मान हलवून, तेव्हा तुमच्या तोंडावर असं काही येतं... दिवसभरात तेवढ्याच वेळी वाटतं की तुम्हाला बरं व्हायचंय. त्याच्या जोरावर तुम्ही रोज त्या मास्कखाली जाऊन पडता. मला दिसतं ते. त्यासाठी मी वाट्टेल ते करीन. वाट्टेल ते."

मग वळली. "काय हो, पाठीमागे काय आहे?"

मी शर्टाच्या बाहीने पाटी पुसली आणि कोरी पाटी दाखवली. मग तिच्यावर लिहिलं, 'रस अजून आहे का?'

ही धावत जाऊन दुसरा ग्लास घेऊन आली. मी डोळे मिटले, मान हलवली. मनात म्हटलं, देवा, काय करायचं ते कर, पण हिच्यावर ढकलू नकोस.

१५ मार्च

तराजू भेटायला आला. लिलाव सध्या तोच पुकारतो. म्हणे पुकारताना सवयीने वजनच सांगतो, भाव विसरतो, आणि लोक माझी आठवण काढतात. दोन तास बसला. मी बोलत नाही म्हटल्यावर त्यालाही काही सुचेना, शेवटी आम्ही दोघं खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसलो. जाताना ही त्याला जॅमच्या चार बाटल्या देत होती. चार!

२८ मार्च

संपलं. शेवटच्या दिवशी मशीनवाल्यांनी मास्क हवा का विचारलं. काही लोक आठवण म्हणून नेतात म्हणे. मी पाटीवर लिहिलं, 'तुम्हीच ठेवा, माझा चेहरा विसरू नका.' त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. हिने त्यांना जॅमची बाटली दिली आणि रडली. मी रडलो नाही, घसा दुखतो.

१९ एप्रिल

आवाज वापरून बघायला परवानगी मिळाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहीही म्हणा." मी लिलावातली पुकार म्हटली, "एक वार." दार करकरल्यासारखा आला. पुढचे 'दोन वार' निघालेच नाहीत. ही म्हणाली, "पुरे, माल विकला गेला." त्या आवाजाने बाजार हलणार नाही, मला कळलं. घरी येताना बसमध्ये मी बाहेर बघत होतो. ही म्हणाली, "मला ऐकू येतं तेवढं पुष्कळ आहे."

रस चालूच आहे. चव नाही.

२० मे

आज निकाल होता. सकाळपासून मला फक्त हेच दिसत होतं की डॉक्टरीणबाई स्टुलावर वळतील आणि शब्द शोधतील. मी ठरवलं होतं, गाठ राहिली असेल तर सांगायचं की मी चोरून बाहेर काहीतरी काढे घेत होतो. हिचं नाव येऊ द्यायचं नाही. वाक्यसुद्धा तयार केलं होतं.

नळी घातली, बघितलं, स्कॅनचा अहवाल उघडला. मग म्हणाल्या, "काही नाही."

मला कळेना. काही नाही म्हणजे?

"गाठ नाही. स्वच्छ आहे." आणि त्या थेट माझ्याकडे बघून हसल्या. "नियमित तपासायला यायचंच. पण आता हळूहळू हवं ते खा, हवं ते प्या."

हिने पटकन विचारलं, "हवं ते? फळांच्या सालींचं वगैरे? दाट?" डॉक्टरीणबाईंना हसू आलं, "हो, माफक प्रमाणात, खुशाल." केवढी ही भाबडी! एवढे दिवस पाजून झाल्यावर आता परवानगी विचारतेय. आणि मला मनातून फार मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. रसाने काही बिघडलं नाही. एवढं सगळं पिऊनही गाठ गेली. लेकीला सांगणार आहे, तुझ्या बशीत काहीही होवो, बापाच्या घशात बघ काय झालं, यावर प्रयोग कर.

हिला मात्र कधी काही सांगणार नाही. मला सगळं माहीत होतं हे हिला कळता कामा नये.

२१ मे

सकाळी मिक्सरच्या आवाजाने जाग आली. किती दिवसांनी ऐकला. स्वयंपाकघरात गेलो तर हिचे हात पुन्हा जांभळे. तराजूने हंगामातली शेवटची द्राक्षं पाठवलीत. हिने ग्लास पुढे केला आणि समोर बसली.

मी सवयीने डोळे मिटून मोठा घोट घेतला, आणि जीभ टाळूला चिकटली. तुरट! कडू, आंबट, जसाच्या तसा, कानशिलांपर्यंत! चेहरा सांभाळायला वेळच मिळाला नाही. तोंड पार वाकडं झालं, आणि नव्या करकरीत आवाजात ओरडलो, "शी!"

ही बघतच राहिली. "एवढा वाईट लागतो?"

"भयंकर," मी म्हटलं. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, चव आली! माझी चव आली!"

"मग त्या पहिल्या आठवड्यात कसा प्यायलात तोंड वाकडं न करता?" पहिल्याच आठवड्याचं का विचारलं कळलं नाही, तेव्हा जीभ शाबूत होती म्हणून असेल. मी तिला बाजारातल्या चेहऱ्याचं सांगितलं, आंबट मण्याचं. ती तोंडावर जांभळा हात ठेवून ऐकत होती. "म्हणजे तुम्ही..." म्हणाली आणि थांबली.

मी लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अशी एकदम येत नाही हो, महिनोन्महिने लागतात. चहा पिऊन बघा." चहा प्यायलो. कोमट पाणी. पावाचा तुकडा खाल्ला, पुठ्ठा. परत रसाचा घोट घेतला, परत तोंड वाकडं. म्हणजे जगातली दुसरी कसलीच चव अजून आलेली नाही, फक्त हिच्या रसाची आली आहे. मला त्यात काही नवल वाटलं नाही, आणि तसं मी तिला सांगितलंही.

त्यावर ही हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. माझ्या खांद्यावर डोकं टेकून किती तरी वेळ रडली, गाठ कळल्यापासून अशी पहिल्यांदाच. शर्टाला जांभळे हात लागले. एवढी वर्षं संसार केला, हिचा चेहरा मला पाठ आहे, पण साध्या चांगल्या बातमीला ही इतकी का रडते, ते मला अजून कळलेलं नाही.